कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटशी जुळत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात शाळा, पतपेढ्या, दवाखाने आणि दोन-तीन वकिलांच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. घड्याळाची तक्रार महिन्यातून दोनदा तरी येतेच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली दिलेत. सूचना मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहेत. आज्ञा आणि सर्व्हरचे पत्ते उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टाइप करताना ते इंग्रजी छोट्या अक्षरांत करा आणि 'डॉट' म्हटलंय तिथे टिंब द्या.

'सिंक नाऊ' दाबलं की एरर येते. टाइम सर्व्हर बंद पडलाय का?

बहुधा नाही. टाइम डॉट विंडोज डॉट कॉम या पत्त्यावर जगभरचे विंडोज कॉम्प्युटर वेळ विचारतात. त्यामुळे एखाद्या वेळी उत्तर उशिरा येतं किंवा येतच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा दाबून बघा. दिवसभरात तीन-चार वेळा करूनही तीच एरर आली, तर मात्र दोष आपल्या घरातच शोधायचा. आतल्या घड्याळाची बॅटरी, टाइम झोन, तारीख, विंडोजची टाइम सर्व्हिस, फायरवॉल (नेटची ये-जा अडवणारा पहारेकरी), हा माझा क्रम. सर्व्हर बदलणं अगदी शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. आधी पाच सर्व्हर बदलून बघतात आणि मग माझ्याकडे येतात.

दोष कुठे आहे हे पटकन कसं ओळखायचं?

घड्याळ किती चुकलंय ते बघा. एरर कोडपेक्षा हा आकडा जास्त सांगून जातो.

बरोबर साडेपाच तास मागे असेल, तर कॉम्प्युटर ग्रीनिचची वेळ दाखवतोय. टाइम झोन यूटीसीवर (जगाची सामायिक वेळ, तीच ग्रीनिचची) राहिलाय, किंवा त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही टाकलेली आहे (त्याबद्दल पुढे). साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक म्हणजे झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. विंडोज नव्याने टाकताना कुणी घाईघाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलं की हा झोन तसाच राहून जातो. न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने लॅपटॉप मागे ठेवला असेल, तर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक दिसेल. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं तासाने सरकवतात, म्हणून हे दोन आकडे.

अर्धा तास मागे असेल तर यादीत कराची निवडलं गेलंय, अर्धा तास पुढे असेल तर ढाका, आणि पाऊण तास नव्हे, नेमका पाव तास पुढे असेल तर काठमांडू. ही सगळी नावं यादीत आपल्या नावाच्या आसपासच असतात, माउस जरा घसरला की झालं. एका शाळेतलं घड्याळ वर्षभर पाव तास पुढे होतं आणि कुणाची तक्रार नव्हती, कारण शाळा त्यामुळे लवकर सुटल्यासारखी वाटायची.

चार-पाच मिनिटांचा फरक असेल आणि तो हळूहळू वाढत असेल, तर झोन ठीक आहे, पण सिंक बऱ्याच दिवसांत झालेलं नाही. आणि घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल, तारीख भलत्याच सालातली १ जानेवारी वगैरे असेल, तर पुढचं काही वाचायच्या आधी बॅटरी बदला.

वेळ हाताने बरोबर करतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकते. असं का?

टाइम झोन चुकलेला असतो आणि तुम्ही काटे फिरवता, म्हणून. टाइम सर्व्हर कुणालाही 'भारतात साडेदहा वाजलेत' असं सांगत नाही. तो जगाला एकच वेळ सांगतो, यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवायचे की आठ तास वजा करायचे, हे तुमचा कॉम्प्युटर त्याच्या झोनवरून ठरवतो. झोन चुकीचा ठेवून वेळ बरोबर केलीत, तर पुढचं सिंक इमानेइतबारे ती पुन्हा बिघडवणार. त्यात सर्व्हरची चूक काहीच नाही.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथे 'डेट अँड टाइम'. झोन निवडा: अधिक साडेपाच, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली. मग 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करून 'सिंक नाऊ' दाबा.

जाता जाता एक गंमत. यादीत आज एका ओळीत बसलेली ही शहरं एकेकाळी आपापल्या वेळेवर चालायची. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, पण मुंबईने ती मनावर घेतली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि तिथल्या महापालिकेने ती १९५५ पर्यंत सोडली नाही.

बॅटरी कशी आणि कुठे असते?

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल चकती असते, तीच. तिचा नंबर बहुतेक ठिकाणी सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यासाची, ३.२ मिलिमीटर जाडीची, म्हणून २०३२. ती ३ व्होल्टची असते. कॉम्प्युटर बंद असताना आतलं छोटं घड्याळ हिच्यावर चालतं. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ थांबतं आणि पुन्हा चालू केल्यावर तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसते. आमच्याकडे लोडशेडिंग वाढलं की या तक्रारी वाढतात. बॅटरी आधीच संपलेली असते, पण प्लग कायम चालू असेपर्यंत ते कळत नाही.

डेस्कटॉपची बॅटरी स्वतः बदलता येते. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, खटका दाबून जुनी काढा, 'अधिक' खूण वर ठेवून नवी बसवा. लॅपटॉपमध्ये ती अनेकदा वायर जोडलेल्या पिशवीत असते, ती दुकानदाराकडूनच बदलून घ्या. एक काळजी घ्या. बॅटरी काढली की बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात, आणि डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेलं असेल तर चालू होताना रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी कागदावर लिहून ठेवा. मी एकदा ठेवली नव्हती. तो दिवस अजून लक्षात आहे.

बॅटरी बदलली, इंटरनेट चालू आहे, तरी सिंक होत नाही. वेबसाइटही उघडत नाहीत.

इथे बरेच जण अडकतात. विंडोजची टाइम सर्व्हिस फार मोठी दुरुस्ती आपणहून करत नाही. ऑफिसच्या डोमेनमध्ये (एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या गटात) नसलेल्या कॉम्प्युटरवर ही मर्यादा ५४,००० सेकंदांची असते, म्हणजे १५ तासांची. सर्व्हरची वेळ आणि तुमची वेळ यांत त्याहून जास्त अंतर दिसलं, की विंडोज 'यात काहीतरी काळंबेरं आहे' असं धरून दुरुस्ती नाकारतं. जुन्या विंडोजमध्ये तारीख जुळत नाही असा स्पष्ट संदेश तरी यायचा, आता नुसतं अपयश दिसतं.

उपाय साधा आहे. ऑटोमॅटिक बंद करा, हाताने आजची तारीख आणि अंदाजे वेळ घाला (भिंतीवरच्या घड्याळाइतकी अचूक असली तरी पुरे), ऑटोमॅटिक पुन्हा चालू करा, मग सिंक. तारीख घालताना साल नीट बघा. दिवस-महिना बरोबर आणि साल मागचं, ही चूक मी स्वतः केलीय.

वेबसाइट न उघडण्याचं कारणही तेच. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर जुन्या सालात असेल, तर त्याच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून ब्राउझर लाल पाटी दाखवतो. ती ओलांडून बँकेच्या साइटवर जाऊ नका, आधी तारीख सुधारा.

टाइम सर्व्हिस चालू आहे की नाही ते कसं बघायचं?

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप करा. यादीत 'विंडोज टाइम' शोधा. 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक करा आणि 'स्टार्ट' दाबा.

तरीही रुसलेली असेल तर तिची नोंदणी काढून पुन्हा करावी लागते. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि एकेक आज्ञा द्या. 'नेट स्टॉप डब्ल्यू३२टाइम'. मग 'डब्ल्यू३२टीएम', मोकळी जागा, तिरकी रेघ, 'अनरजिस्टर'. तसंच तिरकी रेघ देऊन 'रजिस्टर'. मग 'नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम'. शेवटी 'डब्ल्यू३२टीएम', तिरकी रेघ, 'रीसिंक'. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची, दुसरी नव्हे. मधेच 'अॅक्सेस डिनाइड' आलं तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं राहिलंय.

सध्या वेळ कुठून घेतली जातेय हे बघायचं असेल, तर त्याच डब्ल्यू३२टीएमला तिरकी रेघ 'क्वेरी', तिरकी रेघ 'स्टेटस' द्या. 'सोर्स'समोर 'लोकल सीमॉस क्लॉक' दिसलं, तर कॉम्प्युटर आपल्याच बॅटरीवरच्या घड्याळाला विचारतोय. सर्व्हरचं नाव दिसलं तर काम झालं.

घरी सिंक होतं, ऑफिसात होत नाही. (किंवा उलट.)

म्हणजे वाट अडलीय. वेळेची विचारपूस यूडीपी या पद्धतीने १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे ये-जा करायचं दार) होते, वेबसाइट मात्र वेगळ्या पोर्टवरून येतात. म्हणून 'इंटरनेट तर चाललंय' हा पुरावा इथे लागू पडत नाही. ज्या ऑफिसात सगळं इंटरनेट वेब प्रॉक्सीमधून (फक्त वेबसाइट आणून देणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून) येतं, तिथे गूगल उघडेल आणि वेळ येणार नाही.

सगळ्यात सोपी तपासणी अशी: मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि पुन्हा सिंक करा. झालं, तर दोष राउटरमध्ये, ऑफिसच्या फायरवॉलमध्ये किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे आहे. हॉटस्पॉटवरही होत नसेल, तर तुमच्याच कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस किंवा फायरवॉल बघा. पिंग करून (म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून) काही सिद्ध होत नाही, पिंगला उत्तर न देणारे टाइम सर्व्हर पुष्कळ आहेत. टेलनेटनेही कळणार नाही, ते टीसीपी ही वेगळी पद्धत तपासतं आणि आपलं काम यूडीपीचं आहे.

खात्री हवी असेल तर 'डब्ल्यू३२टीएम', तिरकी रेघ 'स्ट्रिपचार्ट', मोकळी जागा, तिरकी रेघ 'कॉम्प्युटर', लगेच दोन टिंबं (विसर्गासारखी) आणि त्याला चिकटून सर्व्हरचा पत्ता द्या. आकडे सरकू लागले तर वाट मोकळी आहे. ०एक्स८००७०५बी४ हा कोड येत राहिला तर उत्तर वेळेत पोचत नाहीये.

इंटरनेट देणारे हे पोर्ट का अडवतात? २०१३-१४ मध्ये टाइम सर्व्हरचा वापर हल्ल्यांसाठी झाला. जुन्या सर्व्हरना एक लहानसा प्रश्न दुसऱ्याच्या नावाने विचारायचा आणि त्याचं भलंमोठं उत्तर त्या दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडायचं. तेव्हापासून अनेकांनी १२३ वर पहारा बसवला, आणि चोरापायी आपलंही टपाल अडतं. फोन करून सांगितलं तर काही जण उघडून देतात.

सर्व्हर बदलायचाच असेल तर कुठला घालू?

विंडोज आणि आर दाबून 'टाइमडेट डॉट सीपीएल' चालवा. 'इंटरनेट टाइम' हा टॅब, तिथे 'चेंज सेटिंग्ज'. पत्ता घाला, 'अपडेट नाऊ', मग 'ओके'.

भारतात पहिली पसंती टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. एनपीएल म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. भारतीय प्रमाणवेळ अधिकृतपणे तीच राखते, तिच्या अणुघड्याळांवर. दुसरे एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्राचे: समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन (आकडे इंग्रजी). तिसरा पर्याय इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग. तो एक सर्व्हर नसून स्वयंसेवकांच्या सर्व्हरांचा गट आहे, दर वेळी वेगळ्याच कुणाकडून उत्तर येऊ शकतं. घरच्या वापराला तोही चांगला.

ऑफिससाठी ही निव्वळ आवडीनिवडीची बाब नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी, किंवा ज्यांची वेळ मुळात त्यांच्याकडूनच येते अशा सर्व्हरशी जुळती ठेवायची आहेत. सायबर चोरी झाली की कुठल्या यंत्रावर आधी काय घडलं हे नोंदींच्या वेळांवरूनच लावायचं असतं. दोन यंत्रांत सात मिनिटांचा फरक असला की तपास करणाऱ्याचं डोकं उठतं.

उत्तर येईपर्यंत वेळ पुढे सरकते. मग ती बरोबर कशी बसते?

हा प्रश्न मला एका आठवीतल्या मुलीने विचारला होता, आणि माझा सगळ्यात आवडता आहे.

समजा, तुमचं घड्याळ चुकलंय आणि देवळातलं बरोबर आहे. तुम्ही पोराला वेळ बघायला पाठवलंत. तो निघाला तेव्हा तुमच्या घड्याळात १०:०० वाजले होते. देवळात पोचला तेव्हा तिथे १०:०७. एक मिनिट टेकून तो १०:०८ ला निघाला. घरी आला तेव्हा तुमच्या घड्याळात १०:०५. तो एकूण पाच मिनिटं बाहेर होता, त्यातलं एक मिनिट देवळात गेलं, उरली चार. दोन जायला, दोन यायला. म्हणजे तो पोचला तेव्हा तुमच्या घड्याळात १०:०२ असणार, आणि देवळात होते १०:०७. तुम्ही पाच मिनिटं मागे आहात.

एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवायची पद्धत, हेच करतं, फक्त मिनिटांच्या जागी मिलिसेकंद असतात. ही पद्धत अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी घडवली, १९८५ पासून ती वापरात आहे. तिची गोम एकच: जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं ती धरून चालते. पोराला जाताना चढ आणि येताना उतार असेल, तीन मिनिटं आणि एक मिनिट, तर उत्तर एका मिनिटाने चुकणार. मोबाइल इंटरनेटवर जाण्या-येण्याचा वेग वेगळा असतो, म्हणून तिथे अचूकता जरा कमी मिळते. टॅलीत नोंदी करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स आहे. दर वेळी साडेपाच तासांचा घोळ होतो.

दोघं बॅटरीवरचं एकच घड्याळ वापरतात, पण लिनक्स त्यात यूटीसी लिहितं आणि विंडोज स्थानिक वेळ. लिनक्सने लिहिलेलं विंडोजने वाचलं की वेळ साडेपाच तास मागे दिसते. विंडोजने दुरुस्त केलं की लिनक्समध्ये ती साडेपाच तास पुढे. दोघांपैकी एकाला समजावायचं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की भांडण मिटतं. लिनक्स त्यावर इशारा देतं, तो मुख्यतः घड्याळ तासाने सरकवणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'इंटरनेट टाइम' हा टॅबच दिसत नाही.

तो डोमेनमध्ये आहे. वेळ ऑफिसच्या सर्व्हरकडून येते, तुम्ही बदलू नका. फरक पाच मिनिटांपेक्षा जास्त झाला तर लॉगिनही नाकारलं जातं. तुमच्या सिस्टिम अॅडमिनला सांगा.

दर मिनिटाला सिंक होईल असं ठेवलं तर जास्त अचूक राहील ना?

गरज नाही. आतला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो दहा लाखांत वीस इतका जरी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत, महिन्याला पाऊण-एक मिनिट. जुनं विंडोज सात दिवसांतून एकदा विचारायचं, तरी भागायचं. दिवसातून दोन-चार वेळा विचारणं घरासाठी भरपूर झालं. २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर अचानक प्रश्नांचा पूर लोटला होता. एका कंपनीच्या लाखो राउटरमध्ये त्याच सर्व्हरचा पत्ता कायमचा घातलेला निघाला, आणि उत्तर मिळालं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते.

तत्काळ तिकिटासाठी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवलं तर तिकीट मिळेल का?

दहाला एसीचं, अकराला बाकीचं बुकिंग उघडतं ते रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळाने. तुमचं घड्याळ बरोबर असेल तर कधी तयार राहायचं ते कळेल, इतकाच फायदा. गणपतीत कोकणात जायचं असेल तर नशीबही लागतं.

लॉगिनसाठी फोनवर कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपचा कोड टाकला की 'चुकीचा' म्हणतो.

फोनचं घड्याळ बघा. ते सहा आकडे गुप्त किल्ली आणि वेळ यांच्यापासून बनतात आणि साधारण ३० सेकंदांनी बदलतात. फोन दोन मिनिटं पुढे असला की तो भविष्यातला कोड दाखवतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचा याच्याशी संबंध नाही.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची (चित्रीकरण साठवणाऱ्या डब्याची) वेळ चुकते. त्यालाही हे लागू आहे?

हो, आणि तिथे कुणी बघत नाही. मेनूमध्ये एनटीपीची जागा असते, बहुधा नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये. झोन अधिक साडेपाच करा, वर दिलेल्यांपैकी एक पत्ता घाला, पोर्ट १२३ ठेवा. काही डीव्हीआरमध्ये झोन चीनचा येतो, म्हणजे अडीच तास पुढे. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेलाच नसेल तर महिन्यातून एकदा हाताने वेळ लावा. आमच्या इथे एका दुकानात चोरी झाली, तेव्हा चित्रीकरणात चोर रात्री दीडला शिरताना स्पष्ट दिसत होता आणि शेजारचा शपथेवर सांगत होता की अकराला कुत्री भुंकत होती. दोघंही खरं बोलत होते.

सिंक झालं, तरी फोन आणि कॉम्प्युटरमध्ये सेकंदभराचा फरक दिसतोय.

फोन कधी मोबाइलच्या टॉवरकडून वेळ घेतो, कधी इंटरनेटवरून. विंडोजही लहानसा फरक एकदम उडी मारून भरत नाही, घड्याळ किंचित जलद किंवा हळू चालवून हळूहळू मिटवतं. तासाभराने पुन्हा बघा. तेव्हाही सेकंदभराचाच असेल तर राहू द्या.